गुंडूमामांच्या ओसरीवरच्या दोन खुर्च्या

गुंडूमामा बोलताना माणसाकडं बघत नसत. नजर समोर, जरा लांब, वाट पुढं पुढं येत असल्यासारखी. नव्या माणसाला वाटायचं, केवढा ताठा आहे याला. ताठा नव्हता. तीस वर्षं त्यांनी सरकारी बस चालवली होती आणि मागच्याशी बोलायचं ते मान न वळवता, ही सवय अंगात मुरली होती. घरी जेवतानासुद्धा शेवंतामामींना ते भिंतीकडं बघत म्हणायचे, "आमटी वाढ की." मामी म्हणायच्या, "भिंत वाढत न्हाई."

त्यांचं पूर्ण नाव गुंडू मिराशी. पण जोयडा तालुक्यातल्या आमच्या कोपऱ्यात त्या नावानं विचारलं तर कुणी घर दाखवलं नसतं. मोठ्यांचे ते गुंडू डायवर आणि आम्हा मुलांचे मामा. ठेंगणे, रुंद, केस तेल लावून मागं फिरवलेले. निवृत्त झाल्यावरही खाकी शर्टच घालायचे, फक्त त्यावरची पट्टी काढलेली. चालताना कायम रस्त्याच्या डाव्या बाजूनं, आणि वळण आलं की मोठ्यानं खाकरायचे. पलीकडून कुणी येत असलं तर त्याला कळावं म्हणून.

रामनगरहून जोयडा आणि तिथून आत जंगलातल्या गावांना जाणारी गाडी त्यांच्याकडं असायची. कधी दिग्गीची मुक्कामाची. पहाटे दिग्गीहून निघून ते वाटेतल्या सगळ्या शाळकरी पोरांना गोळा करत येत. आमची नावं त्यांना ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असूनही ते वापरत नसत. थांब्यावरून हाक मारायचे. मी फणसाच्या झाडाखाली उभी राहायची म्हणून मी 'फणसाचा थांबा'. पुढं मी नववीत गेले, उंच झाले, तरी फणसाचा थांबाच. मला ते आवडायचं. माझ्या वर्गात माझ्यासकट वैशाली नावाच्या तिघी होत्या, फणसाचा थांबा मी एकटीच.

सकाळी किती पोरं चढली ते त्यांच्या डोक्यात असायचं. संध्याकाळी तेवढी परत बसली की गाडी सुटायची. एकदा मी सहावीत असताना गाडी शाळेपासून बरीच पुढं आली आणि मामांनी अचानक ती कडेला घेतली. आरशात बघत राहिले. कंडक्टरला म्हणाले, "एक कमी हाय."

कंडक्टर म्हणाला, "उतरलं असंल मदी कुठं."

"मदी कुणी उतरलं न्हाई."

त्या अरुंद रस्त्यावर, पुढं-मागं घेत घेत, त्यांनी अख्खी बस वळवली. पुढच्या सीटवर एक साहेब होते, त्यांना लोंढ्याला रेल्वे पकडायची होती. ते ओरडायला लागले, तक्रार करीन म्हणाले. मामा समोर बघत म्हणाले, "करा साहेब. रेल्वे उद्या बी येती." शाळेच्या व्हरांड्यात दुसरीतली एक मुलगी दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. तिला उचलून आणून कंडक्टरच्या सीटवर बसवलं, तेव्हाही ती झोपेतच होती.

साहेबांनी खरंच तक्रार केली. डेपोतून मामांना नोटीस आली, गाडी मार्ग सोडून का फिरवली याचा लेखी खुलासा द्या म्हणून. मामांनी खुलाशात एकच ओळ लिहिली: एक पोर कमी होतं. पगारवाढ थांबली की काय झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ती ओळ मात्र डेपोतल्या लोकांनी तालुकाभर केली.

निवृत्त झाल्यावर लोकांनीच त्यांना पंचायतीला उभं केलं. आमच्या पंचायतीत अकरा सदस्य. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण निवडून आल्यावर गट पडतातच. सहाजणांचा एक गट झाला आणि मामा त्याचे गटनेते झाले. पहिली अडीच वर्षं अध्यक्षपद बायकांसाठी राखीव होतं, म्हणून गटातल्या एक अक्का अध्यक्ष झाल्या. पुढची अडीच वर्षं मामांची, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. मामांनीही.

दरवर्षी पंचायतीत मक्कळ ग्रामसभा भरते, म्हणजे मुलांची ग्रामसभा. शाळेतली पोरं हॉलमध्ये सतरंजीवर बसतात, एकेक उठून मागण्या वाचतो, अधिकारी लिहून घेतात आणि शेवटी लाडू मिळतो. त्या वर्षी मी शाळेच्या संसदेत पंतप्रधान होते. पोरांनी निवडून दिलं होतं. मी कागद उघडला आणि वाचायला लागले, की गावात पर्यावरणाचे संवर्धन व्हावे, वाचनसंस्कृतीस चालना मिळावी.

व्यासपीठावरून, खिडकीकडं बघत, मामांनी विचारलं, "फणसाचा थांबा, हे तू लिवलीस?"

"न्हाई मामा. सरनी लिवून दिलेत."

हॉल हसला. सर खाली बघायला लागले.

"आणि तुला काय पायजे?"

कागदात ते नव्हतं. मी त्याची घडी घातली आणि बोलून गेले, "मुलींच्या संडासाला कडी न्हाई. एक आत गेली की दुसरी भाईरनं दार धरून उभी ऱ्हाती. वर्गात दोघींची बी हजेरी चुकती."

आता कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. लाडू खाऊन मी नळावर हात धुवत होते, तेव्हा मामा शेजारी येऊन उभे राहिले, रस्त्याकडं तोंड करून.

"कडी मी उद्या बशिवतो. ते सोपं हाय. पण एक सांगतो तुला. इथं बोललेलं वहीत जातंय. ठरतंय ते आमच्या ओसरीवर. पंचायतीच्या मीटिंगआधी दर रविवारी आमचा गट बसतोय. कुठला रस्ता आधी, कुठल्या वाड्याला नळ, समदं तिथं ठरतंय. मीटिंगात आमी नुस्ते हात वर करतो. तवा तुमी तिथं या."

"तिथं येऊन काय करायचं आमी?"

"गट चालवायचा. माझ्याबरोबर."

मला वाटलं, मामा थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी ते खरंच कडी, स्क्रू आणि पेचकस घेऊन शाळेत आले. कडी बसवून झाल्यावर मुख्याध्यापकांना म्हणाले, पोरांनी आपल्यातली दोघं निवडावीत, एक मोठं, एक लहान. ती दोघं माझ्या गटाचे उपनेते. दर वर्षी नवीन निवडायची.

मोठ्यांतून मी निवडून आले. लहानांतून सहावीतला देवू. देवू नाल्यापलीकडच्या कुणबी वाड्यावरचा. घरी कोकणी बोलायचा, शाळेत मराठी, आणि खरं तर दोन्हीकडं फारसं काही बोलायचाच नाही. पोरांनी त्याला का निवडलं कोण जाणे. कदाचित तो कुणाशी भांडत नसे म्हणून.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं मामांच्या ओसरीच्या पायरीवर उभे राहिलो. सदस्य बाकड्यावर आणि चटईवर बसले होते. मामांनी आतून दोन फायबरच्या खुर्च्या आणल्या आणि आपल्या डाव्या-उजव्या हाताला मांडल्या. थोरली माणसं चटईवर आणि आम्ही खुर्चीत. मला इतकी लाज वाटली, की मी टोकावर बसले.

शंकरअण्णा गटातले वजनदार सदस्य. रस्त्याची कामं घ्यायचे, घरी जीप होती. बोलायला गोड माणूस. हसत म्हणाले, "मामा, पोरं ऐकू देत की. पण गटनेते कशाला करतायसा त्यान्ला?"

मामा अंगणातल्या तुळशीकडं बघत म्हणाले, "तीस वर्षं पोरं माझ्या पाठीमागं बसली. कुठं जायाचं ते मी एकदा बी विचारलो न्हाई. आता जरा पुढं बसू देत."

मग त्यांनी नियम सांगितला. आधी लहानानं बोलायचं, मग मोठ्यानं, मग सदस्यांनी, सगळ्यात शेवटी गटनेत्यानं. "मोठी माणसं बोलून गेल्यावर लहान काय बोलतंय? व्हय म्हणतंय."

नियम चांगला होता, पण पहिला नंबर देवूचा. मामा म्हणायचे, "बोल नाल्यापल्याड." देवू मांडीवरच्या हातांकडं बघत बसायचा. आणि मामा थांबायचे. घाई करायचे नाहीत, बोल बोल म्हणायचे नाहीत, दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत. मामी चहा आणि उकडलेली कणगं, म्हणजे आमच्याकडचे कंद, ठेवून जायच्या. पुष्कळ वेळानं मामा म्हणायचे, "बरं. पुढच्या खेपेला." असे तीन रविवार गेले. सदस्य वैतागले. देवूही वैतागला असावा, कारण चौथ्या रविवारी यायला निघताना तो मला म्हणाला, "आज हांव उलयतां." म्हणजे आज मी बोलतो.

त्या दिवशी पावसाळ्याआधी कुठं साकव, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, घालायचा ते ठरायचं होतं. शंकरअण्णांना तो त्यांच्या वाडीच्या वाटेवर हवा होता. देवू म्हणाला, "आमच्या नाल्यावर आईला एक छप्पर पायजे."

कुणाला कळलं नाही. मामांनी विचारलं, "छप्पर कशाला रे?"

देवूनं हळूहळू सांगितलं. पावसात नाल्याला पाणी चढतं. तो शाळेतून परत येईपर्यंत त्याची आई पलीकडच्या काठावर येऊन उभी राहते. पाणी कमी असलं तर हातानं खूण करते, ये. जास्त असलं तर खूण करते, परत जा, आजोळी रहा. त्यासाठी ती लावणीचं काम टाकून दुपारपासून उभी असते, कारण पाणी कधी चढेल ते सांगता येत नाही. "ती भिजती. मागच्या पावसात तिला ताप आल्ता. तिथं छप्पर असलं तर ती बसून वाट बघंल."

साकव माग असं त्याला कुणी सुचवलंच नव्हतं. साकव मागायचा असतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

शंकरअण्णांनीच घसा साफ केला आणि म्हणाले, "त्याच्या नाल्यावर घाला." हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढं जे झालं त्यावरून तो माणूस वाईट होता असं कुणाला वाटू नये. साकव झाला. पहिल्या पावसात देवूची आई त्यावरून चालत शाळेपर्यंत आली आणि मामांच्या घरी टोपलीभर कणगं देऊन गेली.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वर्ष होतं, असं आता वाटतं. रविवारची वाट बघायची मी. शाळेत पोरं मला गाठून सांगायची, हे बोल, ते बोल, आणि मी वहीत लिहून घ्यायची. मामा माझं बोलणं ऐकून घ्यायचे आणि बऱ्याचदा म्हणायचे, "हे जमणार न्हाई, कारण ऐक." कारण मात्र प्रत्येक वेळी सांगायचे. मोठ्या माणसानं नाही म्हणताना कारण सांगावं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. एकदा मी भांडले. शाळेला संगणक आधी हवा, गावदेवीच्या वाटेवरचे दिवे नंतर, असं माझं म्हणणं. मत घेतलं. मी हरले. घरी जाताना मामा म्हणाले, "राग आला?" मी म्हटलं, "आला." ते म्हणाले, "येऊ दे. पुढच्या रविवारी ये म्हंजे झालं."

पावसाळा संपला आणि मामांच्या अध्यक्षपदाची वेळ जवळ आली. त्याच सुमाराला बाहेरचे काही लोक गावात येऊ लागले. गणेशगुडीला नदीत रबरी होड्यांतून उतरायला येणाऱ्यांची गर्दी वाढली होती आणि त्यांना राहायला जागा पुरत नव्हती. शाळेमागचं मैदान पंचायतीचं. तिथं तंबू उभारायचे, गाड्या लावायच्या, असा त्यांचा बेत. पंचायतीनं हरकत नाही असं लिहून द्यायचं. शंकरअण्णा त्या कामात होते. गावातल्या काहीजणांना तिथं काम मिळेल, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या काहीजणांत माझे बाबा होते.

बाबा वनखात्याच्या रोपवाटिकेत हंगामी कामाला जायचे. चार महिने काम, मग बसून. कॅम्पवर देखरेखीची कायमची नोकरी मिळणार, हे ऐकल्यापासून ते घरात गुणगुणायला लागले होते. शनिवारी संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या विचारलं तर हरकत न्हाई म्हण. जास्त बोलू नको."

रविवारी मामांनी विषय सांगितला आणि म्हणाले, "बोल नाल्यापल्याड."

देवू आता लगेच बोलायचा. "तिथं आमी खेळतो. दुसरी सपाट जागा न्हाई."

मग माझा नंबर. मी म्हटलं, "आमची हरकत न्हाई."

तेव्हा मामांनी मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याकडं सरळ बघत होते. त्यांचे डोळे घारे होते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आमची म्हंजे कुणाची?"

मी खुर्चीच्या टोकावर सरकले.

"पोरांना विचारलीस?"

"न्हाई."

"मग विचार. पुढच्या रविवारी बोलू."

शंकरअण्णा म्हणाले, "मामा, पोरांसाठी आठ दिवस थांबायचं?"

"थांबायचं."

शाळेत आम्ही मत घेतलं. जेवणाच्या खोलीतलं पातेलं आणलं, वर फडकं बांधून त्याला भोक पाडलं. मैदान द्यायचं असेल त्यानं खडा टाकायचा, द्यायचं नसेल त्यानं चिंचोका. पाचवीपासून नववीपर्यंतच्या सगळ्यांनी टाकलं. मीही टाकला. खडा टाकला. पातेलं उपडं केलं तर सगळे चिंचोके, त्यात मोजके खडे. त्यातला माझा कुठला हे ओळखू येत नव्हतं, तरी मला तो दिसत होता.

बाबांना सांगितलं. ते कोयत्याला धार लावत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "तिथं तू काय सांगशील ते खरं. कोण बघायला येतंय?"

खरं होतं. मोजताना फक्त मी, देवू आणि एक सर होतो. देवू तर मी म्हणेन त्याला मान हलवणारा. आठवडाभर मी नीट जेवले नाही. रविवारी खुर्चीत बसले तेव्हाही काय बोलणार हे ठरलं नव्हतं. देवू शेजारी होता, त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "आकडे ती सांगल." मग मी खरे आकडे सांगितले. का सांगितले ते मला आजही नीट सांगता येत नाही. शूर वगैरे मी नव्हते. रडत होते.

सदस्यांत तीन मैदान द्यावं म्हणणारे, दोन नको म्हणणारे; बरोबरी झाली तर गटनेत्याचं चालायचं. राहिले मामा. शंकरअण्णा आवाज न चढवता म्हणाले, "मामा, अध्यक्ष व्हायचंय न्हवं?"

"व्हायचंय," मामा म्हणाले. "लई दिवसांची इच्छा हाय."

"मग जरा इचार करा."

"केलो. मैदान द्यायचं न्हाई."

शंकरअण्णा उठले, चपला घातल्या, मामींना "येतो वहिनी" म्हणाले आणि गेले. अध्यक्षाच्या निवडीत त्यांनी पलीकडच्या गटाला हात दिला. मामा एका मतानं हरले. मामींनी अंगणातल्या अबोलीचा गजरा हाराएवढा लांब करून पिशवीतून आणला होता. त्या हॉलबाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या. मामा बाहेर आले आणि म्हणाले, "चल, जेवायला." एवढंच. मामींनी पिशवीचं तोंड दुमडलं.

नव्या अध्यक्षांच्या गटात पोरांना खुर्ची नव्हती. मामांच्या उरलेल्या पाचजणांची बैठक काही महिने झाली, मग विरली. पण गंमत अशी, की रविवारी पोरं जायचीच. सदस्य नसले तरी खुर्च्या मांडलेल्या असायच्या. मामा ऐकून घ्यायचे आणि सोमवारी एकेक काम घेऊन स्वतः पंचायतीत, जोयड्याला तहसीलमध्ये, बसनं फेऱ्या मारायचे. विरोधात बसूनही कामं होतात, फक्त फेऱ्या जास्त, असं म्हणायचे. मैदान राहिलं. बाहेरचे लोक वाट बघून दुसरीकडं गेले.

मी मात्र जायचं सोडलं. बाबांना नोकरी मिळाली नाही. ते गोव्याला एका कारखान्यात गेले आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येऊ लागले. आई एकटी पडली. मला कुणी बोल लावला नाही, आणि तेच जड जायचं. मामांचं घर वाटेवरच होतं. मी मागच्या पायवाटेनं जायची. बाबा तर मामा समोर दिसले की रस्ता बदलायचे.

दहावीनंतर मी रामनगरला शिकले, मग बेळगावला, आणि आता बेळगावातच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. आमच्याकडंही बैठका होतात. मोठे डॉक्टर आधी बोलतात, मग त्यांच्या खालचे, मग विचारतात, कुणाला काही म्हणायचंय? कुणाला काही म्हणायचं नसतं. अशा वेळी मला ती ओसरी इतकी आठवते, की समोरचं ऐकू येईनासं होतं. मामींच्या चहाचा वास, अंगणातली कोंबडी, आणि एक मोठा माणूस तुळशीकडं बघत, सहावीतलं पोर तोंड उघडेपर्यंत थांबलेला. इतकं कुणी माझ्यासाठी थांबलेलं मला नंतर आठवत नाही.

देवू आता गणेशगुडीला पर्यटकांची जीप चालवतो. त्यानंच फोन केला, मामांच्या छातीचं दुखणं वाढलंय, एकदा येऊन जा. भाताची कापणी झाली होती. सुट्टी घेऊन गेले.

मामा अंगणात खाटेवर बसले होते. खाकी शर्ट खांद्यावर सैल झाला होता. मला बघून म्हणाले, "आलीस? बस." खुर्च्या दिसल्या नाहीत. मी खाटेच्या काठावर बसले. लॅबमध्ये काय काम करतीस, जेवतीस कुठं, बाबा कसे आहेत, सगळं विचारलं. बाबा गोव्याहून परत आलेत, गुडघे धरलेत, असं मी सांगितलं.

किती वर्षं मनात ठेवलेलं होतं ते मी काढलं. "मामा, त्या रविवारी मी आधी खोटं बोलले. बाबांसाठी."

"मला ठाऊक होतं."

"कवापासनं?"

"तुझ्या बापाला नोकरी लागणार हे शंकरअण्णानं मला आधीच सांगितल्तं. तरी मी तुला विचारलो. पोरांना जाऊन विचार म्हटलो. आकडे बी तुलाच सांगू दिलो." त्यांना दम लागला. जरा थांबून म्हणाले, "अध्यक्ष न्हाई झालो त्याचं कायबी वाटत न्हाई. पण ते वझं तुझ्यावर टाकायला नको होतं. पंधरा वर्सांची पोर तू. गाडी चालवताना पुढच्या सीटवर पोराला बशिवतो, तवा त्याला पकडायला दांडी हाय का ते बघायला पायजे. ते मी बघितलो न्हाई."

मला म्हणायचं होतं, नाही मामा, तुम्ही बरोबर होता. मला हेही म्हणायचं होतं, की व्हय, जड होतं, फार जड होतं. दोन्ही खरं होतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

मामींनी चहा आणला. मग मामा म्हणाले, "देवूला पोरगी झाली. कळलं?" आणि आम्ही देवूच्या मुलीबद्दल बोललो.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. देवूचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते, पाऊस इतका होता की वाटेतले नाले भरले होते, आणि मी पोचले ती दुसऱ्या दिवशी. म्हणून माझ्याजवळ आहे ते त्या दिवाळीनंतरच्या दुपारचंच.

त्या दुपारी निघताना मामा उठले. मी नको म्हटलं तरी उठले. मला वाटलं, सोडायला येतायत. पण अंगणात बांबूच्या तट्ट्यांवर नवं भात वाळत घातलं होतं आणि ते हलवायची वेळ झाली होती. त्यांनी धोतर जरा वर घेतलं आणि अनवाणी त्या भातात उतरले. मामी म्हणाल्या, "मी हलवते, तुमी बसा." ते म्हणाले, "येरझाऱ्या तेवढ्याच." मी रस्त्यावर आले आणि मागं बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते पाय न उचलता हळूहळू चालत होते, पायानं भातात सरळ रेघ ओढत. टोकाला पोचले की थांबून श्वास घेत, वळत, आणि आधीच्या रेघेला लागून दुसरी रेघ. मामी सुपाची सावली डोक्यावर धरून बघत उभ्या होत्या. सोनेरी भातात सहा-सात रेघा झाल्या होत्या आणि बरंचसं अंगण अजून बाकी होतं.